बाळंतीण कोण आहे इथे?

सासूबाईंनी बॅग उघडली आणि गालिच्यावर एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. डिंकाच्या लाडवांचा डबा. मेथीच्या लाडवांचा डबा. अळीव, बाळंतशेपा, सुंठ, ओवा, खसखस, सगळ्यांच्या वेगवेगळ्या पुरचुंड्या. तिळाच्या तेलाची बाटली, पिशवीत पिशवी घालून गुंडाळलेली. धुऊन धुऊन मऊ झालेली जुनी सुती लुगडी, बाळाच्या दुपट्यांसाठी. आणि शेवटी बाळंतिणीच्या पोटाला गुंडाळायचा लांबलचक पट्टा. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं तो पूर्ण उलगडून पाहिला होता म्हणे, आणि काही न विचारता पुन्हा नीट घडी घालून ठेवला होता.

"आई," मी म्हटलं, "बाळंतीण कोण आहे इथे?"

नागपूरहून इतका प्रवास करून आलेल्या बाईला पहिल्याच तासात विचारायचा हा प्रश्न नव्हता. पण मी एकेचाळीस वर्षांची होते, माझं पोट सपाट होतं, आणि ते पुढेही सपाटच राहणार हे डॉक्टरांनी आम्हाला अत्यंत सौजन्यानं, दिव्याच्या मंद प्रकाशात, टिशूचा खोका पुढे सरकवत सांगून झालं होतं.

सासूबाईंनी लाडवांच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय का पाहिलं. "कोणी तरी असंलच ना," त्या म्हणाल्या. "बाळ काय आभाळातून पडून राहिलं?"

आम्ही ओपन अ‍ॅडॉप्शन करत होतो. म्हणजे यात लपवाछपवी नसते. जन्म देणारी आई दत्तक घेणारं घर स्वतः निवडते, आणि पुढेही त्या घरी येत-जात राहते. वाचायला फार सुंदर वाटतं. ज्या संस्थेतर्फे आम्ही हे करत होतो तिथे प्रत्येक गोष्टीला 'जर्नी' म्हणत. पोलिसांकडे बोटांचे ठसे द्यायला गेलो तीही जर्नीच. अमेरिकेतल्या या डब्लिनमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींनाही हा शब्द आवडला. त्यांच्यात डोहाळजेवणाला हॉल घेतात, फुलांचा धनुष्यबाण करतात, ड्रोन उडवतात. आमच्यासाठी असलं काही करता येत नव्हतं, म्हणून ते मान तिरकी करून "हाऊ इज द जर्नी, यार?" असं विचारत.

आई निवडणार म्हटल्यावर तिच्यासमोर आपली जाहिरात करावी लागते. गुळगुळीत कागदावरचं एक पुस्तक छापायचं. त्यात आपण भोपळ्याच्या शेतात, आपण समुद्रावर, आपण हसतोय. संस्थेच्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की कुत्रा असलेल्या जोडप्यांकडे लोकांचं लक्ष जातं. आमच्याकडे कुत्रा नव्हता. नवऱ्यानं शेजाऱ्यांचा आणला. फोटोत मी त्याच्या गळ्यात हात टाकून बसलेय, आणि कुत्रा शेजाऱ्यांच्या घराकडे बघतोय. छापताना तो फोटो मी काढून टाकला. कुत्र्याइतकं खरं बोलणारं त्यात दुसरं कुणी नव्हतं.

आदल्या वर्षी एका आईनं आम्हाला निवडलं होतं. बाळ झालं आणि दुसऱ्या दिवशी तिनं मन बदललं. तिचा तो हक्कच होता. तिनं केलं ते योग्य केलं, हे मी तेव्हाही म्हणत होते. पण परतताना गाडीत मागे बाळाची रिकामी सीट होती. नवऱ्यानं ती काढली नाही, मीही काढ म्हटलं नाही. वर्षभर आम्ही वाणसामान तिच्या बाजूला कोंबत राहिलो. एकदा त्यानं कलिंगड त्या सीटमध्ये ठेवलं आणि पट्टा लावला. त्याला वाटलं मी हसेन. त्यालाही वाटलं आपण हसू. कुणीच हसलं नाही; घरी पोचेपर्यंत कलिंगडाला तडा गेला आणि सीटवर डाग राहिला.

त्यानंतर दुसरी आली. तासाभराच्या अंतरावरच्या एका लहान गावात, टायरच्या दुकानात काउंटरवर बसणारी, तेवीस वर्षांची. बाळाच्या बापानं आधीच कागदावर सही करून स्वतःचा प्रश्न मिटवला होता. तिची आई होती, पण फ्लोरिडात, आणि दोघींचं बोलणं बंद होतं. आम्ही हायवेजवळच्या पॅनकेकच्या हॉटेलात भेटलो. मी दोन वेळा साडी नेसून दोन वेळा सोडली होती आणि शेवटी ऑफिसला जाताना घालते तेच कपडे घालून गेले होते.

तिनं आमचं पुस्तक सोबत आणलं होतं. आमच्या मधोमध टेबलावर ठेवून तिनं एक पान उघडलं. (तिचं इंग्रजी मी मराठीत लिहितेय. मूळ बोलणं जास्त भरभर आणि जास्त तिखट होतं.)

"अशी अकरा-बारा पुस्तकं पाहिली मी," ती म्हणाली. "सगळे हसतात. दात दुखेपर्यंत. सगळ्यांकडे कुत्रा. ही बाई कोण?"

फोटो सासूबाईंचा होता. नागपूरच्या घरात, ओट्याजवळ, हातात झारा. फोटो काढणाऱ्याकडे त्या अशा बघत होत्या, की आधी बाजूला हो, मग काय ते बोल.

"माझी आई," नवरा म्हणाला.

"ही हसत नाहीये."

"ती फोटोत हसत नाही."

"बाळाला ही भेटेल?"

त्याच संध्याकाळी त्यानं नागपूरला फोन लावला आणि आम्ही तिकिटं काढली. इतके निबंध आणि इतक्या मुलाखती झाल्यावर आमची निवड सासूबाईंच्या कपाळावरच्या आठीमुळे झाली होती.

ठरल्या तारखेच्या आधीच कळा सुरू झाल्या. आम्ही पोचलो तेव्हा मुलगी झाली होती. आम्हाला तिला हातात घेऊ दिलं. त्याबद्दल मी लिहू शकत नाही. लिहायला बसले की ऊन, पाकळी असले शब्द येतात, आणि ते सगळे खोटे आहेत. ती लाल होती, चिडलेली होती, आणि तिची एक पापणी दुमडली होती. मग समुपदेशक बाईंनी हळूच तिला परत नेऊन तिच्या आईच्या खोलीत ठेवलं.

कारण कायदा असा, की बाळ झाल्यावर तीन दिवस आईला सहीच करता येत नाही. तोवर बाळ तिचं, पूर्णपणे तिचं. तीन दिवसांनंतर तिनं सही केली तर आमचं. नाही केली तर गाडीतली सीट आहेच. कायदा चांगला आहे. घाईत, गुंगीत, दडपणाखाली कुणी मूल देऊन टाकू नये यासाठी आहे. मी सुखरूप घरी बसले असते तर त्या कायद्याच्या बाजूनं एक लेखही लिहिला असता.

"तिला मोकळीक द्या," समुपदेशक बाई म्हणाल्या. "बोलावलं तरच खोलीत जा. काही सुचवू नका. गिफ्ट्स नकोत, त्याचा चुकीचा अर्थ निघू शकतो." आम्ही मान डोलावली. त्या मजल्यावरच्या वेटिंग रूममध्ये एक कृत्रिम धबधबा होता, भिंतीवरून खाली येणारा. त्याच्यासमोर बसून आम्ही तिला मोकळीक देत होतो.

सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नाही. समुपदेशक बाईंचं भाषण त्यांनी आदरानं ऐकलं, धबधब्याकडे एकदा पाहिलं, "पाणी वाया जाऊन राहिलं," असं म्हणाल्या आणि स्टीलचा डबा घेऊन सरळ त्या मुलीच्या खोलीत गेल्या.

मी धावत मागे गेले. ती मुलगी अर्धवट उठून बसली होती. समोरच्या ट्रेवर थंड सँडविच, जेली आणि बर्फ घातलेलं पाणी. बाळ बाजूच्या पारदर्शक टबात झोपलेलं. खोलीत ना फूल, ना फुगा, ना एखादं कार्ड. सासूबाई ट्रेपाशी थांबल्या. त्यांनी बर्फाचा ग्लास उचलला, नाकापासून लांब धरून बाथरूममध्ये नेला आणि ओतून टाकला.

"बाप्पा! ओल्या बाळंतिणीला बर्फ!" त्या माझ्यावरच ओरडल्या, जणू मीच घातला होता. "कोणी आलं नाही हिच्याजवळ?"

मी विचारलं. "टायरच्या दुकानातल्यांनी मेसेज केला," ती म्हणाली. "तिच्या हातात काय आहे?"

सासूबाईंनी डबा उघडून तिच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. तिनं वास घेतला, कोपरा खाल्ला, आणि मग सगळा खाल्ला. "याच्यात काय आहे?"

मी डिंकाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवत होते, तेवढ्यात सासूबाईंनी स्वतःच समजावलं. आधी कमरेवर हात ठेवला, ताठ उभं राहून दाखवलं. मग छातीवर हात ठेवून, बोटं खाली आणत, दुधाची धार दाखवली. समजायला इंग्रजी लागत नव्हतं. ती हसली आणि दुसरा लाडू मागितला.

मी डब्याचं झाकण लावायला गेले; सासूबाईंनी माझा हात बाजूला केला.

दुपारी सासूबाई घरी जाऊन अळिवाची खीर करून आल्या. संध्याकाळी लसणाची फोडणी दिलेली मेथी आणि मऊ भात. दुसऱ्या दिवशी खसखशीची खीर. दूध यावं म्हणून आपल्याकडे जे जे देतात ते सगळं त्या क्रमानं तिच्या पोटात जात होतं. नर्सबाईंनी काही आक्षेप घेतला नाही. एकीनं लाडू मागून नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराच्या फटीतून पाहिलं तेव्हा ती बाळाला पाजत होती, आणि सासूबाई मागे उशी नीट करत होत्या.

मी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. "आई, हे काय चाललंय?"

"काय चाललंय? पिऊन राहिली. चांगली ओढते पोरगी."

"तिला दूध यायला नको आहे! ती पाजायला लागली तर ती सही करेल का? तुम्हाला कळतंय ना, तिनं सही केली नाही तर..."

"तर काय?"

"तर आपल्याला बाळ नाही!" मी हे जरा मोठ्यानं बोलले असावे. फुगे घेऊन चाललेलं एक कुटुंब भिंतीला चिकटून पुढे गेलं.

सासूबाई डब्याचं झाकण पुसत होत्या. "दूध येतं ते येतंच. नाही खाल्लं तर दुखून येतं. ते कोण सोसंल, तू?"

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात?"

"बाळंतिणीच्या," त्या म्हणाल्या. हा प्रश्न मी का विचारावा हेच त्यांना समजत नव्हतं. नातू झाला असता, सून बाळंत झाली असती, तरी त्यांनी हेच उत्तर दिलं असतं. त्यांच्या डोक्यात खोल्या दोनच. एकीत बाळंतीण, आणि दुसरीत उरलेले सगळे, ज्यांनी गरम पाणी आणायचं असतं.

नवऱ्याकडे गेले तर तो पार्किंगमध्ये, गाडीत बसला होता. पुढे नाही, मागे. बाळाच्या सीटशेजारी. मी दार उघडून दुसऱ्या बाजूला बसले. मधे सीट.

"तू सांग ना तुझ्या आईला," मी म्हटलं.

"काय सांगू? उपाशी ठेव म्हणू?"

त्यानं तेच सांगावं असं मला हवं होतं. तसं तो मोठ्यानं बोलेपर्यंत ते इतकं वाईट वाटत नव्हतं.

त्या दुपारी समुपदेशक बाईंनी आम्हाला बाजूला घेतलं. ती 'पुन्हा विचार करतेय' असं म्हणाल्या. तिनं रात्रीही बाळ आपल्याच खोलीत ठेवायला सांगितलं होतं. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा हात मला माहीत होता. आदल्या वर्षी दुसऱ्या बाईंनी तो अगदी त्याच जागी ठेवला होता. त्यांना बहुधा तसं शिकवतात.

संध्याकाळी तिनं मला आत बोलावलं. बाळ झोपलं होतं. सासूबाई तिच्या तळपायाला तेल चोळत होत्या.

"तुमच्याकडे हे किती दिवस चालतं?" तिनं विचारलं. "हे खाणं, तेल वगैरे."

"चाळीस दिवस. सव्वा महिना म्हणतात."

"कोण करतं?"

"तिची आई. मुलगी माहेरी जाते. म्हणजे आईच्या घरी."

ती सासूबाईंच्या तेलकट हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "माझ्याकडे लॉन्ड्रीच्या वर एक खोली आहे. लिफ्ट नाही. सोमवारी कामावर बोलावलंय." तिनं भिंतीकडे तोंड केलं. मला कळलं की आता संपलं. मूल घेऊन त्या खोलीत जायचं की मुलाशिवाय जायचं, यांतलं दुसरं जास्त वाईट होतं, हे मलासुद्धा दिसत होतं. तिच्या जागी मी बाळाला सोडलं नसतं.

तीन दिवस पूर्ण झाले त्या सकाळी आम्हाला बोलावणं आलं. समुपदेशक बाई होत्या, कागद होते, वकिलाच्या ऑफिसातून आलेला एक कंटाळलेला माणूस होता. ती कपडे बदलून पलंगाच्या कडेला बसली होती, खांद्यावर बाळ. पोटाला कपड्यांवरून तो पट्टा घट्ट गुंडाळलेला. आणि दाराशी सासूबाईंची बॅग. माझ्या घरातून आणलेली, चेनपर्यंत भरलेली.

"आई, ही बॅग कशाला?"

"हिच्याबरोबर जाऊन राहिली ना मी. सव्वा महिना. एकटी कशी राहील ती?"

"तिला विचारलंत?"

"सांगितलं." त्यांनी दाखवलं कसं सांगितलं ते. स्वतःकडे बोट, तिच्याकडे बोट, स्टिअरिंग फिरवल्याची खूण, मग दोन हात गालाखाली ठेवून झोप.

ती माझ्याकडे बघत होती. "मला बरोबर कळलंय का? ही माझ्याकडे येतेय?"

"हो," मी म्हटलं.

"तिला एक विचार. नीट विचार." तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मी सही केली नाही, बाळ ठेवून घेतलं, तरी येईल का?"

खोलीत मराठी येणारे तिघंच होतो. नवरा खिडकीकडे बघू लागला. वकिलाच्या माणसानं घड्याळ पाहिलं. मी सासूबाईंना मराठीत काहीही विचारू शकले असते; हवा कशी आहे असंही. मी विचारलं ते असं: "आई, ती विचारतेय, तिनं बाळ आपल्याला दिलं नाही तरी तुम्ही जाल का तिच्याकडे?"

"हे काय विचारणं झालं?" सासूबाई चिडल्या. "बाळंतीण ती बाळंतीण. बाळ कोणाकडं राहील ते तुम्ही शिकलेली माणसं पाहा. काहून, मी काय सौदा करून राहिली का?"

आणि मग मला ते इंग्रजीत सांगायचं होतं. मी एक शब्दही गाळला नाही. सौद्याचासुद्धा नाही. बोलताना मला आमच्या गाडीतली सीट स्वच्छ दिसत होती, तिच्यावरचा कलिंगडाचा डागही.

माझं बोलून झाल्यावर ती बराच वेळ सासूबाईंकडे बघत राहिली. सासूबाईंनी तिच्याकडे फोटोत बघतात तसंच पाहिलं.

"ओके," ती म्हणाली. मग बाळाच्या डोक्याचा वास घेतला, आणि पुन्हा घेतला. "कोणीतरी हिला धरा. मला पेन धरायला हात हवा."

तिनं बाळ माझ्याकडे दिलं. सही करायला तिला फार वेळ लागला. प्रत्येक कागदावर ती थांबत होती, आणि मी प्रत्येक वेळी मरत होते. शेवटच्या कागदानंतर तिनं कपाळ टेबलावर टेकलं आणि तोंडातून जो आवाज काढला तो मी विसरलेले नाही. आनंदाच्या दिवशीही तो माझ्या कानात असतो, असावाच. सासूबाईंनी तिचं डोकं स्वतःच्या पोटाशी धरलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उभी काय राहिली? गरम पाणी आण."

आम्ही घरी गेलो. गाडीतली सीट भरलेली होती आणि नवरा सायकलला लाजवेल इतक्या हळू गाडी चालवत होता. घरात बाळ आलं होतं आणि बाळाला कसं धरायचं हे माहीत असलेली एकमेव बाई लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत राहायला गेली होती. निघताना मी त्यांना कॉरिडॉरमध्ये अक्षरशः धरून ठेवलं होतं. "आई, हिला आंघोळ कोण घालणार?"

"तू एवढी पुस्तकं वाचली ना," त्या म्हणाल्या. "घाल."

पुस्तकांत बाळ इतकं निसरडं असतं असं लिहिलेलं नाही.

घरी आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी बाळ दुपारभर रडलं. दूध दिलं, पुसलं, फिरवलं, नवऱ्यानं फॅन लावला, बंद केला. संध्याकाळ झाली तेव्हा मीही रडत होते, आणि फोन लावला. पलीकडे स्मोक अलार्म ठणाणा वाजत होता.

"काही नाही, धुरी दिली ओव्याची," सासूबाई ओरडल्या. "डबा बांधला बाप्पा त्यांनी छताला, उगीच बोंबलते. थांब, खिडकी उघडून राहिली."

अलार्म थांबला. बाळ थांबलं नव्हतं. "आई, मला जमत नाहीये," मी म्हटलं. "ती गप्पच होत नाही."

तेवढ्यात फोनमधून दुसरं रडणं ऐकू आलं. खोलीत ती होती. बाळाचा आवाज तिथपर्यंत पोचला होता. माझ्या मनात आलं की फोन ठेवून द्यावा, तिला हे ऐकवू नये. आणि मनात आलं की ठेवला तर बाळ गप्प झालं की नाही हेही तिला कळणार नाही, आणि ते त्याहून वाईट.

मी ठेवला नाही. काही वेळ आम्ही तशाच होतो. बाळ रडत होतं, मी रडत होते, तासाभराच्या अंतरावर ती रडत होती.

"तिघी रडून राहिल्या तर मी एकटी काय काय पाहू?" सासूबाई मधेच कडाडल्या. मग फोन तोंडाजवळ आणून, जरा खाली आवाज करून विचारलं, "तू जेवली का?"

"नाही."

"हीपण नाही जेवली. आधी जेवा. पोरीला मांडीवर पालथं घाल, पाठीवर हात फिरव, अन् दुसऱ्या हातानं जेव. जमतं. सगळ्यांना जमतं." मग फोन बाजूला धरून त्यांनी खोलीतल्या मुलीला, शुद्ध नागपुरी मराठीत, तेच सांगितलं. आणि पलीकडून ताट ओढल्याचा आवाज आला.